छातीचा पट्टा की मनगटावरचे घड्याळ?

‘व्यायामासाठी हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र घ्यायचे आहे, कोणते घेऊ?’ हा प्रश्न अलीकडे मला फार विचारला जातो. आज त्यावर बोलू. मी डॉक्टर नाही. फौजेत उमर गेली, जवानांना पळवले, त्यांच्याबरोबर पळालो, आणि आता साठी ओलांडल्यावर चालतो आणि चढतो. त्या अनुभवातून जे सांगता येईल तेवढे सांगतो. औषधांबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

हा प्रश्न आमच्याकडे म्हैसूरमध्ये इतका का विचारला जातो, ते आधी सांगतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी अचानक गेले. व्यायामाची आवड असलेला, धडधाकट माणूस. पुढे २०२५ च्या जूनमध्ये शेजारच्या हासन जिल्ह्यातून हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या लागोपाठ आल्या. त्यानंतर इथल्या जयदेव हृदयरोग रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. भीतीचे दोन परिणाम दिसतात. काही जण व्यायामच सोडतात. काही जण महागडे घड्याळ घेतात आणि त्याच्या भरवशावर चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या एका दमात चढायला निघतात. मला दोघांचीही काळजी वाटते.

म्हणून यंत्र घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. आकडा पाहून तुम्ही काय करणार? मोहिमेवर निघताना आम्ही उद्देश आधी लिहायचो, सामानाची यादी मागाहून. इथेही तेच. आकडा वाढला की वेग कमी करायचा असेल, तर यंत्र उपयोगी आहे. नुसता पाहून मित्रांना दाखवायचा असेल, तर पैसे वाचवा.

आता यंत्रे. मुख्य प्रकार दोन.

पहिला, छातीचा पट्टा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक सूक्ष्म विद्युत लहर निघते. दवाखान्यात ईसीजी काढतात तेव्हा हीच लहर टिपतात. पट्ट्याला आतून दोन वाहक पट्ट्या असतात. त्या ती लहर पकडतात आणि ठोके घड्याळाला किंवा फोनला बिनतारी कळवतात. हे तंत्र घरगुती वापरात आणले फिनलंडने. औलू विद्यापीठातले सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली आणि १९८२ मध्ये अंगावर घालता येणारे पहिले बिनतारी यंत्र बाजारात आणले.

दुसरा, मनगटावरचे घड्याळ. त्याच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त वाढले की परत येणारा प्रकाश कमी होतो. ही चढउतार मोजून घड्याळ ठोके ठरवते. म्हणजे पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो आणि घड्याळ मनगटापर्यंत पोहोचलेल्या रक्तावरून अंदाज करते.

फरक किती पडतो? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून याची तुलना केली. ते काम २०१७ च्या ‘जामा कार्डिऑलॉजी’त आले. छातीचा पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मनगटावरची चारही यंत्रे त्याच्या मागे राहिली. त्यानंतर घड्याळे सुधारली आहेत, पण मनगटाची अडचण तीच आहे: हात हलतो.

आपल्याकडे एक शंका नेहमी येते, की सावळ्या त्वचेवर घड्याळ चालते का? २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या ५३ लोकांवर हे तपासले. त्वचेच्या रंगाने लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो हालचालीने. बसलेले असताना आकडा बरा येतो, हालचाल सुरू झाली की चूक वाढते. गोंदण असलेल्या जागी मात्र घड्याळ बांधू नका, शाई प्रकाश अडवते.

हालचालीची एक चूक ओळखून ठेवा. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १७० पावले पडतात. प्रत्येक पावलाला हात झुलतो, रक्तही हिंदकळते, आणि घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. तुम्ही आरामात पळत असता आणि पडद्यावर १६५ दिसते. माणूस घाबरतो. संशय आला तर अर्धा मिनिट पावले मोजा आणि दुप्पट करा. आकडा नेमका तेवढाच असेल, तर ते ठोके नव्हेत.

आता तुमचा व्यायाम कोणता, त्यावरून निवड करा. कुक्करहळ्ळी तलावाभोवती सपाट चालणे असेल, तर चांगले घड्याळ पुरेसे आहे. टेकडी चढणे, वेग कमीजास्त करत पळणे किंवा सायकल असेल, तर पट्टा घ्या. वजने उचलताना मूठ आवळली जाते, मनगट वाकते, तिथे घड्याळ हमखास गडबडते. पोहताना ब्लूटूथची लहर पाण्यातून जात नाही, म्हणून आठवण साठवून ठेवणारा पट्टा लागतो. पट्टा काचतो अशी तक्रार असेल, तर दंडावर बांधायचे प्रकाशवाले यंत्रही मिळते. दंड मनगटापेक्षा कमी हलतो, त्यामुळे आकडा बहुधा बरा येतो.

यंत्र घेतले, आता आकड्याचे काय करायचे? जिथे तिथे एक सूत्र भेटते: २२० वजा वय. पासष्टीच्या माणसाला १५५. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुधारलेले सूत्र दिले: २०८ वजा वयाच्या सात दशांश. त्याने १६२ किंवा १६३ येतात. दोन्ही सरासरी आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. तेव्हा पडद्यावरची लाल पट्टी हा कायदा समजू नका.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. समजा कमाल ठोके १६० आणि विश्रांतीचे ६० आहेत. कमाल आकड्याचे ७० टक्के म्हणजे ११२. पण काही यंत्रे विश्रांती आणि कमाल यांतले अंतर धरतात. ते अंतर १००, त्याचे ७० टक्के ७०, आणि त्यात ६० मिळवले की १३०. एकाच ‘७० टक्क्यां’चे दोन अर्थ, अठरा ठोक्यांचा फरक! आपले यंत्र कोणती पद्धत वापरते ते सेटिंगमध्ये पाहूनच व्यायाम सुरू करा.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील, तर त्या ठोके मुद्दाम आवरून धरतात. अशा माणसाने सूत्राचा आकडा गाठायचा हट्ट धरला तर तो स्वतःला ताकदीपलीकडे ओढतो. पडद्यावर ११० दिसत असतात आणि शरीर कधीच थकलेले असते. आपल्या वयोगटात अशा गोळ्या घेणारे घरोघरी आहेत. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडून, शक्यतो ट्रेडमिल चाचणीनंतर, लिहून घ्यावी. ठोके मुळातच अनियमित असतील, तर मनगटाच्या आकड्यावर अजिबात विसंबू नये. पेसमेकर असेल तर खरेदीआधीच विचारावे.

यंत्र घरी आणल्यावर त्याची परेड घ्या. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा, दुप्पट करा, यंत्राशी ताडा. मग जिना चढा, थांबा, आणि लगेच १५ सेकंद मोजून चौपट करा. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो, तेवढे माफ. दहा-पंधराचा फरक रोज येत असेल, तर यंत्र बदलून घ्या. पट्टा असेल तर आतली बाजू पाण्याने ओली करून छातीखाली घट्ट बांधा. कोरडा पट्टा पहिली काही मिनिटे वेडेवाकडे आकडे दाखवतो. वापरल्यावर घाम धुऊन टाका. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, हलणार नाही इतके घट्ट असावे.

एक उपयुक्त सवय सांगतो. व्यायाम थांबवताना आकडा पाहा, एक मिनिट हळूहळू चाला, पुन्हा पाहा. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात, ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, अशा लोकांत पुढे मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. घरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. पण तो आठवडाभर लिहून ठेवा, आणि सतत कमी उतरत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

शेवटचे. घड्याळावरचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा धाप लागणे, यांपैकी काही झाले तर आकडा कितीही सुरेख असो, तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. ‘नंदीपर्यंत तरी पोहोचू’ असे म्हणू नका. नंदी साडेतीनशे वर्षे तिथेच बसला आहे, पुढच्या महिन्यातही भेटेल.

आणि यंत्र परवडत नसेल तर? चालताना पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग ठेवा. बहुतेकांच्या रोजच्या चालण्याला एवढे माप पुरते. उद्या सकाळी तेवढे चाला, मग दुकानात जा.