शब्द शेवटच्या बाकापर्यंत

राजोडी हे विरारजवळचं समुद्रकाठचं गाव. इथल्या पट्ट्यातल्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण पूर्वी ती लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वाट मिळाली. त्याच दस्तऐवजानं पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला साजेशी असतील तर इतर वाद्यांनाही परवानगी दिली. म्हणजे मायबोली आणि ड्रम एकाच दारानं आत आले. आता एकानं दुसऱ्याला गिळू नये, एवढीच काळजी घ्यायची.

मी गायनवृंदाच्या माइक-स्पीकरचं काम बघतो. माणसाचं साधं बोलणं एका मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं. जोरात वाजणाऱ्या ड्रमजवळ हाच आकडा शंभरच्या पुढे जातो. मग गाणाऱ्यांचा माइक वाढवायचा, ते ऐकून वाजवणाऱ्यानं आणखी जोरात वाजवायचं, अशी चढाओढ लागते. शेवटच्या बाकावरच्या आजीला मात्र गीताचा एकही शब्द कळत नाही.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. चर्चमध्ये गुळगुळीत लाद्या, गिलावा आणि उंच छत तो परत फेकतात. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका सभागृहात गाद्या मांडून हा घुमारा मोजला. माणसंही आवाज शोषतात. म्हणून रिकाम्या चर्चमधल्या सरावावरून रविवारचा आवाज ठरवू नये.

ड्रमपुढे पारदर्शक पत्रा उभा केला, तर झांजांचा तडाखा समोरच्यांपुरता कमी होतो. पण तो मागच्या भिंतीवर आपटतो. तिथे जाड, मऊ आच्छादन हवं. बास ड्रमचा घुमारा तर पत्र्याला वळसा घालून येतोच. अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज अडत नाही. अडवायला वजनदार भिंत लागते. तिच्यात शंभरातला एक भाग फट राहिली, तरी वीस डेसिबलपेक्षा जास्त अडवणूक होत नाही. आणि आपल्या दमट हवेत खिडक्या बंद करून मिस्सा कशी चालेल?

म्हणून आधी स्वस्त उपाय करावेत. ड्रम कोपऱ्यात ठेवू नयेत, तिथे बास फुगतो. खाली जाड सतरंजी, बास ड्रममध्ये घोंगडी, काठ्यांऐवजी ब्रश किंवा बारीक काड्यांची जुडी. तरीही जमलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक ड्रम. त्याचा आवाज एका बटणावर राहतो.

कसोटी सोपी आहे. गीताचं पुस्तक मिटून कुणाला तरी शेवटच्या बाकावर बसवा आणि कडवं संपल्यावर शब्द विचारा. सांगता आले, तर ड्रम खुशाल वाजू द्या. नाही आले, तर माइक वाढवू नका, ड्रम उतरवा. पोरांचा उत्साह मोडायचा नाही. पण इतक्या उशिरा मिळालेली मराठी त्या आवाजात हरवूही द्यायची नाही.