सामाजिक शास्त्रे : अभ्यासिकेतून वस्तीपर्यंत

(सामाजिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या आरंभीच विद्यांची गणना केली आहे. तर्काने शोध घेणारी आन्वीक्षिकी, वेदविद्या म्हणजे त्रयी, शेती-पशुपालन-व्यापार यांची वार्ता आणि राज्यशासनाची दंडनीती, अशा चार विद्या त्याने मानल्या. परंतु त्याबरोबरच त्याने इतरांची मतेही नोंदविली आहेत. बृहस्पतीच्या अनुयायांना वार्ता आणि दंडनीती या दोनच विद्या पुरेशा वाटत होत्या. शुक्राचार्यांचे अनुयायी तर एकट्या दंडनीतीवरच थांबले. पोट भरणारी आणि राज्य चालविणारी विद्या हाती असली की अन्य विचाराची गरज काय, असा हा पक्ष होता. कौटिल्य स्वतः कमालीचा व्यवहारी. तरीही त्याने हा पक्ष मान्य केला नाही. आन्वीक्षिकीला त्याने सर्व विद्यांना उजेड दाखविणाऱ्या दिव्याचे स्थान दिले.

आज विद्यापीठांतून सामाजिक शास्त्रे आणि उपयोजित सामाजिक शास्त्रे असा जो भेद केला जातो, त्याच्या मुळाशी हाच जुना प्रश्न आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र ही शास्त्रे समाज कसा आहे आणि तो तसा का आहे, हे विचारतात. समाजकार्य, ग्रामविकास, लोकप्रशासन, पुनर्वसन या उपयोजित शाखा आता काय करावे, हे विचारतात. प्रश्न दोन असले तरी ज्या समाजाविषयी ते विचारले जातात, तो एकच आहे. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी एक संस्था सर दोराबजी टाटा यांच्या नावे सुरू झाली. आठच वर्षांनी, १९४४ मध्ये, तिचे नाव बदलून ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे झाले. समाजकार्य शिकविता शिकविता सामाजिक शास्त्रांपर्यंत जावे लागते, हेच या नामांतरातून दिसते.

मात्र शास्त्राचा आधार घेतला की उपयोजन आपोआप कल्याणकारी होते, असे समजण्याचे कारण नाही. शास्त्रच चुकीचे असेल, तर त्याचे उपयोजन जितके काटेकोर, तितके अधिक घातक ठरते. त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण याच देशात घडले आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागे त्या काळातील एक ‘शास्त्रीय’ समजूत होती. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याचप्रमाणे काही जातींत गुन्हेगारी हाच वंशपरंपरागत व्यवसाय असतो, असे मानले गेले. रेल्वे आली आणि तांड्यांवरून मीठ व धान्य वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार बुडाला. जंगलांवर सरकारी ताबा आला आणि शिकारीवर जगणाऱ्यांचा आधार गेला. हे कारण शोधण्याऐवजी राज्यकर्त्यांनी दोष रक्तात शोधला. नोंदणी, पोलीस ठाण्यावरील हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील सेटलमेंट, हे सारे त्या एका चुकीच्या सिद्धांताचे उपयोजन होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला. गावात चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालाकडे पाहणारी नजर मात्र गेली नाही. सिद्धांत खोडून काढणे सोपे असते. समाजाच्या मनात मुरलेले त्याचे उपयोजन पुसून टाकणे फार कठीण असते.

याच्या उलट, शास्त्र आणि उपयोजन यांची योग्य सांगड घातली गेल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी अशी कामे त्यांनी चिकाटीने केली. शेतकऱ्याचे उत्पन्न किती, कर्ज किती, बाजारात तो का नाडला जातो, हे आकड्यांनिशी तपासल्यामुळे सहकार हा त्यांच्या दृष्टीने केवळ घोषणेचा विषय राहिला नाही. प्रवरेच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारू लागले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारीही त्यांनी घेतली. एक फारसा न शिकलेला, पण गावाची नाडी ओळखणारा शेतकरी आणि एक केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ एका कामात एकत्र आले. पुढे सहकारात जे दोष शिरले, ते वेगळ्या चर्चेचा विषय आहेत. पण आरंभ कसा करावा, हे प्रवरेने दाखविले.

दुसरे उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचे. भारतातील आप्तसंबंधांच्या व्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. तो शुद्ध शास्त्राचा ग्रंथ होता. पण कोयना धरणाच्या पाण्याखाली गावे गेल्यावर त्याच विदुषीने विस्थापितांची पाहणी हाती घेतली आणि १९६९ मध्ये तो अभ्यास ग्रंथरूपाने आला. सरकारी दफ्तरात विस्थापन म्हणजे एकर, गुंठे आणि रुपये असतात. परंतु गाव म्हणजे सोयरीक, भावकी, ग्रामदेवता आणि अडीअडचणीला धावून येणारा शेजारही असतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही. नाती कशी गुंफलेली असतात, हे ज्याने अभ्यासले आहे, त्यालाच ती तुटल्यावर काय होते हे विचारण्याची दृष्टी असते.

पण शास्त्राकडून व्यवहाराकडे एवढीच ही वाट नाही. व्यवहारही शास्त्राला नवे प्रश्न देतो. १९९०च्या दशकात गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी पारध्यांच्या पालांवर जाऊ लागले. तुळजापूरजवळ यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली, पुढे ‘पालावरची शाळा’ थेट वस्तीतच भरू लागली. या कामात कार्यकर्त्यांसमोर आलेला प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. शिधापत्रिकेला कायमचा पत्ता लागतो, जातीच्या दाखल्याला जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचे गावच नाही, त्याने तो कोठून आणावा? शासनाची सारी रचना स्थिर वस्ती गृहीत धरून केलेली आहे, हे पालावर गेल्यावाचून कळत नाही. भटक्या-विमुक्तांविषयी रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले. या समाजाची विश्वासार्ह गणना आणि माहिती नाही, ही उणीव दोन्ही आयोगांना जाणवली. जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी योजना कशी आखणार? येथे कार्यकर्त्याने शास्त्रज्ञाला हाक दिली पाहिजे आणि शास्त्रज्ञाने ती ऐकली पाहिजे.

म्हणून दोन प्रकारचे अहंकार टाळले पाहिजेत. वस्तीत पाऊल न टाकता परकीय चौकटी या समाजावर लादणाऱ्या अभ्यासकाचा अहंकार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची टीका येथे पुष्कळ होते आणि ती योग्यही आहे. परंतु ‘अंतःकरणात तळमळ आहे, मग अभ्यासाची गरज काय?’ हा सेवाभावी कार्यकर्त्याचा अहंकारही तितकाच हानिकारक असतो. तळमळ घराघरात पोहोचविते. घरातील दुःखाचे कारण मात्र निरीक्षणाने, नोंदीने आणि विचारानेच सापडते. १८७१ च्या कायद्याचे कर्ते परके होते, म्हणून चुकले, एवढाच निष्कर्ष काढून थांबता येणार नाही. ज्यांच्याविषयी सिद्धांत मांडला, त्यांना एकदाही न विचारता तो त्यांच्यावर लादला, ही त्यांची खरी चूक होती. स्वकीयांकडूनही ती होऊ शकते.

सेवावस्तीत जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत औषधांच्या आणि वह्यांच्या जोडीला एक नोंदवहीही असावी. काय दिले, याबरोबरच काय पाहिले, काय चुकले आणि वस्तीतील माणसे त्यावर काय म्हणाली, हेही तीत उतरावे. कौटिल्याचा दिवा अभ्यासिकेत जपून ठेवण्यासाठी नाही. तो हाती घेऊन पालापर्यंत चालत गेले पाहिजे. आणि पालावर त्याच्या उजेडात जे दिसेल, ते पुन्हा अभ्यासिकेत आणले पाहिजे.