एका ताऱ्याचे दोन तारे

विवाहविधींत वधूवरांना अरुंधती दाखविण्याची चाल जुनी आहे. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यांतील अंतर सुमारें १२ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक. ही जोडी नुसत्या डोळ्यांनाहि दिसते. परंतु घरांतील दोन नळ्यांची दुर्बीण एकदां हातून पडली, कीं ती प्रत्येक ताऱ्यालाच एक खोटी अरुंधती बहाल करते!

असें कां व्हावें? या दुर्बिणीच्या प्रत्येक नळींत भिंगांच्या मधें दोन लोलक असतात. इग्नाझियो पोरो या इटालियन संशोधकानें १८५४ सालीं ही रचना योजिली. भिंगानें उलटी झालेली प्रतिमा लोलक सुलटी करतात. धक्क्यानें एखादा लोलक केसभर सरकला, तरी त्या नळीची दिशा बदलते. मग दोन डोळ्यांना मिळालेलीं चित्रें मेंदु ओढूनताणून एक करूं पाहतो, आणि कपाळ दुखूं लागतें. मूल बिचारें आपल्याच डोळ्यांत दोष आहे असें समजून दुर्बीण खालीं ठेवतें, व आकाश पाहण्याची त्याची हौसहि तेथेंच संपते. खरें नुकसान हें.

परीक्षा सोपी आहे. एक डोळा मिटावा. जोडींतील एक तारा नाहींसा झाला, तर दोष दुर्बिणीचा.

दुरुस्तीला डहाणू तालुक्यांतील रानशेतसारखें, शहराच्या दिव्यांपासून दूरचें गांव सोयीचें. तेथें ध्रुव उत्तरक्षितिजावर सुमारें २० अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो. दुर्बीण गडग्यावर टेकवून मान न अवघडतां तो पाहतां येतो. शिवाय तो जवळजवळ जागचा हालत नाहीं.

प्रथम डाव्या नळींत ध्रुव स्पष्ट करावा. मग उजव्या नेत्रभिंगाचें कडें फिरवून तेथें तो मुद्दाम पसरट, तबकडीसारखा करावा. आतां दोन्ही डोळे उघडावे. बिंदु आणि तबकडी हीं इतकीं भिन्न, कीं मेंदु तीं जुळविण्याच्या खटपटींत फारसा पडत नाहीं. बिंदु तबकडीच्या मध्यावर असला तर नळ्या जुळल्या. वरखालीं झालेली चूक आडव्या चुकीपेक्षां अधिक जाचते. कारण वाचतांना डोळे आंत वळतात, पण एक वर व एक खालीं जाण्याची संवय त्यांना नसते.

पुष्कळ दुर्बिणींत लोलकांच्या बाजूस, चामड्याच्या आवरणाखालीं बारीक स्क्रू असतात. मूळच्या जागीं खूण करावी, एक अष्टमांश फेर द्यावा, आणि बिंदु कोणीकडे सरकला तें पाहूनच पुढें जावें. स्क्रू घट्ट असल्यास बळजोरी करूं नये. पावसाळी दमटपणानें आंत बुरशी धरली असेल, तर दुर्बीण कारागिराकडेच द्यावी. सूर्यावर हा प्रयोग कधींहि करूं नये. डोळे कायमचे जातील.

एक मर्यादा मात्र विसरतां कामा नये. ही जुळणी बिजागरीच्या त्या एकाच स्थितींत खरी असते. दुसऱ्याच्या डोळ्यांतील अंतराप्रमाणें नळ्या जवळ आणल्या, कीं बिंदु पुनः ढळूं शकतो. दोन्ही नळ्या बिजागरीच्या आंसाशीं समांतर करणें हें कार्यशाळेंतील उपकरणाचें काम. म्हणून दुर्बीण एकट्याची असेल, तर बिजागरीवर खूण करून घरची दुरुस्ती पुरेशी मानावी. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं ती वापरावयाची असेल, तर कारागिराचा खर्च टाळूं नये.