पत्र्याची बर काढताना



आंबेशिवथर असो की कसबेशिवथर, पाऊस तोंडावर आला की आपल्या खोऱ्यात पन्हळी आणि पत्र्यांची घाई उडते. महाड-पोलादपूरच्या फॅब्रिकेशनवाल्यांना तेव्हा जेवायला फुरसत नसते. पत्रा कातरला की काठाला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, राहते. ती बोट फाडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या काठावर रंगही नीट धरत नाही आणि गंजाला तिथूनच वाट मिळते.

ही बर काढायला हाताशी असेल ते ग्राइंडिंग व्हील लावायची सवय मला पटत नाही. वेल्डिंगचा उंचवटा उतरवायला ते कडक चाक उत्तम. 1.2 मिलिमीटरच्या पत्र्यावर मात्र ते काठ खातं, पत्रा तापवून निळा करतं आणि पलीकडच्या अंगाला नवी बर काढून ठेवतं. साध्या लोखंडी पत्र्याला 80 किंवा 120 नंबरची फ्लॅप डिस्क पुरते. नंबर वाढेल तसा दाणा बारीक. शेवटचा हात नायलॉनच्या तंतूंच्या पॅडचा. ते काठ मोडतं, माप खात नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला तर पॅडच, तेही हलक्या हातानं, नाहीतर जस्ताचा थर निघून जातो. स्टेनलेससाठी वेगळं पॅड ठेवा. लोखंडावर फिरलेलं पॅड त्यावर लावलं, तर लोखंडाचे कण बसतात आणि स्टीलवर गंजाचे ठिपके उठतात. आणि कटिंग व्हील आडवं धरून घासणं? कधीच नाही.

आता आपल्या दमट हवेचं. ही चाकं रेझिननं बांधलेली असतात आणि रेझिनला ओल सोसत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे चाकाची कड ताशी 200 किलोमीटरहून जोरात धावते. त्या वेगात कमजोर चाक फुटलं, तर तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणून मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत वाचा, आणि गार्ड काढू नका. 22 जुलै 2021च्या पुरात महाडच्या दुकानांत पाणी शिरलं. तशा पाण्यात बुडालेलं चाक वाळल्यावर नव्यासारखं दिसतं, तरी ते मोडीतच टाकायचं.

जाता जाता, भारतातला ग्राइंडिंग व्हीलचा पहिला कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यातला. उरणजवळच्या मोऱ्याला 1941 साली ग्राइंडवेल सुरू झाली. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं.