रोजच्या चार ओळी
(वाचनवर्गात केलेले भाषण)

बायांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाप्यांनो,

आज मी विणकामाविषयी बोलणार आहे. दोन सुया आणि लोकर, एवढेच त्याला लागते. हे पाहा, माझ्या पिशवीत अर्धे टोपडे आहे. इकडे येताना एस.टी.ची वाट पाहत बसले होते. तेवढ्या वेळात सहा ओळी झाल्या.

तुम्ही म्हणाल, "ताई, आम्हाला कुठला वेळ? पहाटे उठायचं, पाणी भरायचं, धारा काढायच्या, भाकरी थापायच्या, रानात जायचं. रात्री पाठ टेकली की डोळा लागतो. विणकाम हे रिकाम्या बायांचं काम!" मीही असेच म्हणत होते. त्या म्हणण्याने मी एकदा फसले. ते आधी सांगते.

लग्नानंतर मी विणायला शिकले. हौस मोठी. पहिल्याच खेपेला घरधन्यांचा स्वेटर सुरू केला. पाठ झाली. पुढची बाजू अर्धी झाली. मग सुगी आली. मनात म्हटले, सुगी उरकली की एकदम बसून पुरा करीन. सुगी उरकली, तर लग्नसराई आली. मग पेरणी आली. तो एकदम बसायचा दिवस काही आलाच नाही. स्वेटर ट्रंकेत पडून राहिला. दोन वर्षांनी काढून पाहते, तर कसर लागलेली. जागोजाग भोके.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या जावेला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. मार्गशीर्षातली थंडी. पोर एवढीशी, दोन ओंजळीत मावेल अशी. डोक्याला घालायला घरात काही नाही. सासूबाईंनी जुने लुगडे फाडून तिच्या डोक्याला गुंडाळले. जावेने पोरीला उघड्या छातीशी धरले आणि वरून गोधडी घेतली. रात्रभर मायलेकी तशाच. आम्ही कुणी झोपलो नाही. सकाळी पोरीने दूध ओढले, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला.

ती पोर आता कॉलेजात जाते. पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही. मला टोपडे विणता येत होते. लोकर माझ्या ट्रंकेत दोन वर्षे पडून होती. आणि घरात टोपडे नव्हते.

नव्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. डोके उघडे राहिले की अंगातली ऊब निघून जाते. कमी वजनाचे बाळ तर फार लवकर गार पडते. गार पडलेले बाळ दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून आणखी गार पडते. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात खेड्यातल्याच बायांना नव्या बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबेत ठेवणे हा त्यातला मोठा भाग होता. तिथे बाळे दगावण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले.

सासूबाईंनी आणि जावेने केले, तेही बरोबरच होते बरं का. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आता आपल्या दवाखान्यांतही हे शिकवतात. तिला कांगारू पद्धत म्हणतात. त्या पद्धतीत बाळाच्या डोक्यावर टोपी असतेच. मात्र असे बाळ घरी झाले तर घरीच बसू नका. छातीशी धरूनच त्याला दवाखान्यात न्या.

आता वेळेचे बोलू. वेळ कसा काढावा हे मला धनगरांनी शिकवले. आपल्या माणदेशात कुणी पाहिले नाही असे नाही. पुढे मेंढरे, मागे धनगर, आणि हातात टकळी. चालता चालता सूत निघते. त्याच सुताचे पुढे घोंगडे होते. एका घोंगड्याचे सूत एका बैठकीत कोण काढील? ते वाटेवरच निघते. आणि सूत काढणारे बापे असतात. म्हणून मागे हसणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

मी तेव्हापासून मोठे काम घेत नाही. टोपडे, पायमोजे, कानपट्टी, एवढेच. जे पिशवीत मावते, तेच होते.

टोपड्याचा हिशेब वहीत लिहून घ्या. मध्यम लोकर २५ ग्रॅम. सुया दहा नंबरच्या. ८० टाके घाला. दोन सुलट, दोन उलट, असे ओळभर विणा. परतताना पुन्हा दोन सुलट, दोन उलट. अशा ४८ ओळी. मग एक ओळ दोन-दोन टाके एकत्र विणा. ४० राहतील. एक ओळ साधी. पुन्हा दोन-दोन एकत्र. २० राहतील. दोरा लांब ठेवून कापा, मोठ्या सुईत ओवा, विसाही टाक्यांतून काढून आवळा. त्याच दोऱ्याने मागची कड शिवा. झाले.

रोज चार ओळी विणल्या तर ४८ ओळी किती दिवसांत होतील? बरोबर, बारा दिवसांत. तेराव्या दिवशी शिवण.

या चार ओळी कुठे बसतात? टँकर येईपर्यंत. गिरणीत दळणाचा नंबर लागेपर्यंत. रेशनच्या रांगेत. डाळ शिजेपर्यंत. शाळूची पाखरे राखताना मात्र जमत नाही. मी करून पाहिले. एका हातात गोफण, दुसऱ्या हातात सुया! पाखरांनी कणसे खाल्ली आणि माझे टाकेही सुटले.

ओळ पुरी करूनच सुया ठेवा. मधेच सोडली की टाके निसटतात. आणि प्रत्येक ओळ झाली की वहीत एक काडी मारा. चार दिवसांनी पिशवी उघडली तरी कितवी ओळ ते कळते. मी पूर्वी बोटांवर मोजत होते आणि दर वेळी चुकत होते.

लोकर घेताना एक गोष्ट पाहा. बाजारात लोकर म्हणून मिळते, ती पुष्कळदा मेंढीची नसतेच. तो कारखान्यातला अॅक्रिलिक धागा असतो. ओळखायचे कसे? एक तुकडा चिमट्यात धरून जाळा. मेंढीची लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, धुवायलाही सोपे. त्याचे टोपडे करायला हरकत नाही. पण आपल्याकडे बाळाला शेगडीचा शेक देतात. ठिणगी पडली तर हा धागा वितळून कातडीला चिकटतो. म्हणून विस्तवाजवळ ते टोपडे नको. शेगडीही बाळापासून लांबच बरी. टोपड्याला लांब नाड्या लावू नका, मणीही नकोत. बाळाला घाम आला तर टोपडे काढा.

मेंढीच्या लोकरीचे असेल तर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. ठेवताना कडुनिंबाचा पाला घाला. माझ्या स्वेटरला तो घातला नव्हता.

सुयांचे सहा जोड मी आणले आहेत. दोघींत एक घ्या. बाप्यांपैकी कुणाला शिकायचे असेल तर पुढे येऊन बसा. मागून टाका दिसत नाही.