वर्गात मुलं किती रमली?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत केंद्रप्रमुख आले, की वर्ग चिडीचूप होतो. पण मुलं गप्प बसली म्हणजे ती शिकतायत, असं थोडंच आहे?

मुलं किती रमली हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. मागच्या भिंतीला टेकून बसायचं आणि दर पाच मिनिटांनी वर्गावरून नजर फिरवायची. कामात किती मुलं आहेत, तेवढंच टिपायचं. समजा, पंचवीस मुलं आणि आठ नोंदी, म्हणजे 200 निरीक्षणं झाली. त्यातल्या 150 वेळा मुलं कामात दिसली, तर सहभाग 75 टक्के. अमेरिकेत जेन स्टॅलिंग्ज यांनी 1970च्या दशकात अशीच ठरावीक अंतराने नोंदी घेण्याची पद्धत रूढ केली.

मात्र नजर फसते. पाटीवर मान घालून बसलेला मुलगा नुसत्या रेघोट्या ओढत असतो, आणि चुळबुळ करणारी मुलगी बोटांखाली चिंचोके सरकवत हातच्याची बेरीज सोडवत असते. म्हणून जवळ जाऊन बघावं, हळूच विचारावं.

याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात तर अधिकच जपायला हवं. तिथं काही घरांत कोरकू बोलतात, काही घरांत निहाली. ही निहाली कोणत्याही भाषाकुळात बसवता आलेली नाही. पहिलीतलं असं लेकरू गप्प असेल, तर त्याला मराठी प्रश्नच कळला नसेल. त्याला ‘लक्ष नाही’ असा शेरा देणं अन्याय आहे.

शिक्षकहो, निरीक्षणाची नोंद त्याच दिवशी एकत्र बसून वाचा, आणि त्या गप्प लेकराच्या शेजारी उद्या पाच मिनिटं नक्की बसा.