दुरुस्तीआधी निदान
(लोणखेडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोणखेडा-शहाद्याच्या सपाट रस्त्यावर जी गाडी ठणठणीत वाटते, तिचा दोष तोरणमाळच्या घाटात उघडा पडतो. त्या वेळी गाडीत रुग्ण असतो, शाळेची मुले असतात. म्हणून स्टिअरिंग आणि स्प्रिंग यांचे दोष वेळीच ओळखणे हे केवळ चालकाचे काम नव्हे. वाहन ज्यांच्या ताब्यात आहे, त्या आपणा सर्वांचे आहे.

गाडी एका बाजूला ओढते, अशी तक्रार आली की भाग बदलण्याची घाई होते. प्रथम टायर थंड असताना हवा मोजावी. नंतर पुढील दोन टायरांची अदलाबदल करावी. ओढ दुसऱ्या बाजूस गेली, तर दोष टायरचा आहे. ब्रेक दाबतानाच ओढ जाणवत असेल, तर ब्रेक तपासावेत. एवढे झाल्यावरच अलाइनमेंट आणि बसलेले पाटे यांकडे वळावे.

टायरची झीजही पुष्कळ सांगते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेले. ठराविक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे.

स्टिअरिंगच्या मोकळ्या खेळाविषयी तर कायदाच स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार तो ३० अंशांहून अधिक असता कामा नये. खेळ वाढला की टायरॉडचे सांधे झिजले आहेत काय, हे पाहावे. जीपच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटल्यास आसच जागेवरून सरकतो. अशी गाडी घाटात नेऊ नये. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, किंवा खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ हिंदकळत असेल, तर तो निकामी झाला असे समजावे.

माझी एकच विनंती आहे. वाहनाच्या नोंदवहीत केवळ किलोमीटर व इंधन लिहून थांबू नये. दोष कोणत्या वेगाला, वळणावर की ब्रेक दाबताना, भरल्या गाडीत की रिकाम्या, हेही चालकाने लिहावे आणि आपण ते वाचावे. कारागिराचे निम्मे काम त्या दोन ओळी करतील. सार्वजनिक पैसा वाचेल, आणि गाडीतील माणसे सुखरूप घरी पोहोचतील.